दमलेली गादी

अमरावतीहून बडनेऱ्याला जाणारी सकाळची बस गच्च भरली होती, दारं लागली होती, आणि ड्रायव्हरने पुन्हा पुन्हा बटण दाबूनही गाडी जागची हलत नव्हती. काचेच्या वर बसवलेला बारका कॅमेरा प्रफुल्ल मोहोडच्या पापण्यांकडे टक लावून बघत होता. आता सगळ्याच बसगाड्यांना असे डोळे आहेत. ड्रायव्हरची पापणी किती जड पडते, मिटली की किती वेळाने उघडते, मान कुठे कलते, हे गाडी स्वतःच बघते आणि मग ठरवते की या माणसाच्या हाती आपलं स्टिअरिंग द्यायचं की नाही.

"चालकाला विश्रांतीची गरज आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली. बरं, म्हणायचं तर त्याच्या कानात म्हणावं. पण नाही, स्पीकरवरून म्हणाली, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं.

"झोपू द्या बाप्पा त्याले," मागून एक आजोबा बोलले. "आमाले जागा ड्रायव्हर द्या."

सगळी बस हसली. प्रफुल्लही हसला, न हसून करतो काय. पण खाली उतरताना त्याचे कान तापले होते.

डेपोतल्या साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि मग मुद्द्यावर आले. "मोहोड, तू माणूस चांगला आहे, पण गाडी माझं ऐकत नाही. पावसाळ्यापर्यंत तुला पासच्या खिडकीवर बसवतो. तोवर झोप सुधारली तर ठीक, नाही तर स्टिअरिंग विसर." प्रफुल्लला स्टिअरिंगखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. तो भर उन्हात पायी घरी आला.

त्याची झोप होत नव्हती, कारण पोरगी झोपत नव्हती. मिहिका तिचं नाव, घरात मिहू. पाच वर्षांची, बोलण्यात वकील, गालाला खळी, आणि डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं. बालवाडीत ती बाकावर डोकं ठेवून कुरकुरत पडायची, मैत्रिणींना चावायची, वजन तर वर्षभरात वाढलंच नव्हतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं की हिला आजार काही नाही, हिला फक्त झोप पाहिजे. ती कोणत्या दुकानात मिळते, ते मात्र सांगितलं नाही.

रात्रीची जेवणं झाली की मोहोडांकडे मिहूला झोपवण्याचा सोहळा लग्नविधीसारखा साग्रसंगीत सुरू व्हायचा. टीव्ही बंद, मोठे दिवे बंद. कोमट पाण्याने पाय धुवायचे. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायचं. दुधात जायफळ उगाळून द्यायचं. मग गोष्ट, तीही रोजचीच, कारण नवी ऐकली की ही प्रश्न विचारत बसणार. शेवटी प्रफुल्ल तिच्या उशाशी भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि थोपटायला लागायचा. या सगळ्यात खोट काढायला जागा नव्हती. पोरगी मात्र टकाटका त्याच्याकडे बघत पडलेली असायची.

"बाबा, तुम्ही जागे आहे ना?"

"हो रे राजा, मी आहे ना जागा. तू झोप."

जगात यापेक्षा मोठा दिलासा नसेल, असं त्याला वाटायचं. या वाक्यामागे एक जखम होती. मिहू लहान होती, धड बोलतही नव्हती, तेव्हा एकदा रात्री तिचा ताप एकदम चढला आणि तिला आकडी आली. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. प्रफुल्ल तिच्या शेजारीच होता, हातभर अंतरावर, आणि डाराडूर झोपलेला. बायको करुणा पलीकडच्या खोलीतून धावत आली म्हणून कळलं. दवाखान्यात सगळं नीट झालं. तापाची आकडी बऱ्याच लेकरांना येते, वयाबरोबर जाते, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. करुणानेही त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्याने स्वतःच स्वतःला शिक्षा ठोठावली. त्या दिवसापासून पोरीच्या उशाशी तो झोपलाच नाही. पहाटे डोळा लागायचा तेवढाच, तोही बसल्या बसल्या.

आता त्याच्या बहिणीबद्दल सांगायला पाहिजे, कारण ही गोष्ट खरी तिची आहे. हर्षदा मोहोड. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत झोपेवर काम करणारी, केस कायम विस्कटलेले, चष्मा कायम डोक्यावर, आणि तो कुठे गेला म्हणून सगळ्यांना विचारत फिरणारी. लहानपणी हिने घरातलं मांजर झोपेत स्वप्न बघतं का हे पाहायला आख्खी सुट्टी घालवली होती. आई म्हणायची, हिचं काही खरं नाही. आईचा अंदाज चुकला आणि तो चुकला याचा आईलाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

हर्षदाने 'थोपट' नावाची गादी बनवली होती. दिसायला साधी, कापसाची वाटावी अशी. आत मात्र केसासारखे बारीक धागे विणलेले. लेकरू तिच्यावर पडलं की त्याच्या श्वासाची लय आणि छातीचे ठोके त्या धाग्यांना कळतात. मग गादीच्या पोटातल्या मऊ पिशव्या फुगतात आणि बसतात, आणि लेकराच्या पाठीला खालून कोणी थोपटतंय असं वाटतं. यातली खुबी लयीची होती. आपलं अंग लयीला भुलतं. सोबतचा माणूस हळू चालायला लागला की नकळत आपलाही पाय हळू पडतो. तसंच गादी लेकराच्या श्वासापेक्षा जराशी, अगदी जराशीच हळू थोपटते. श्वास तिच्या मागे येतो. मग ती आणखी जराशी मंद होते. असं बोटाला धरून उतारावरून न्यावं तसं ती लेकराला झोपेच्या दारापर्यंत नेते.

ही थोपटण्याची लय तिने कुठून आणली? घराघरांतून. शेकडो आया, बाप, आज्या, आत्या यांना पातळ हातमोजे दिले आणि ते घालून लेकरांना थोपटायला सांगितलं. प्रत्येक थापेचं वजन, दोन थापांमधलं अंतर, सगळं नोंदलं गेलं. मग तिच्या चमूने त्यातल्या चुका वेचून बाजूला काढल्या आणि उरलं ते शुद्ध थोपटणं गादीत घातलं. जाहिरातीचं वाक्यही ठरलं होतं: 'न दमणारा हात.'

करुणा घराच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवायची. हर्षदाने चाचणीसाठी तिथे गाद्या दिल्या होत्या. लेकरं त्यांवर पडायची, शांत व्हायची, श्वास मंदावायचा, आणि नेमकी तिथेच अडायची. दारापर्यंत पोचायची पण आत जायची नाहीत. डोळे मिटून पडलेली, पण पापणीखाली बुबुळं फिरताहेत. हर्षदाने लय बदलून पाहिली, वजन बदललं, गादीला ऊब दिली, पण काही केल्या पुढे सरकेना. आणि मिहूचं म्हणाल तर ती गादीवर पडून मजेत छतावरची कोळ्याची जाळी मोजायची.

नापास होऊन घरी आलेला प्रफुल्ल पाळणाघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा दुपारची झोपायची वेळ झाली होती. कूलर चालू होता, वाळ्याचा वास सुटला होता, आणि आत महायुद्ध पेटलं होतं. खिडकीजवळच्या एका गादीवर तीन लेकरं एकमेकांना ढकलत होती. बाकीच्या गाद्या मोकळ्या.

"काहून भांडून राहिले हे?" त्याने विचारलं.

करुणाने कपाळावर हात मारला. "रोजचंच आहे. त्या गादीवर परवा कोणीतरी ताक सांडलं. तेव्हापासून बिघडली ती. मधेच थांबते, मधेच दचकून थोपटते. आणि पोट्ट्यांना तीच पाहिजे. म्हणे, दमलेली गादी माझी."

"दमलेली?"

"त्यांनीच ठेवलं ते नाव. हर्षूताईंना फोन केलाय, त्या येऊन राहिल्या घ्यायला. आणि तुम्ही आत्ता घरी कसे?"

प्रफुल्लने सांगितलं. करुणाने फक्त त्याच्या हातातला डबा घेतला आणि त्याला पाणी दिलं. बोलणी खाल्ली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

हर्षदा आली तेव्हा दमलेल्या गादीवर दोन लेकरं गाढ झोपली होती, तोंडं उघडी टाकून, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. तिसरा वाट बघून बघून शेजारी जमिनीवरच लवंडला होता. ती दारातच थबकली. मग दबक्या पावलांनी जाऊन तिने गादीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटून बसली. थप. थप. थप... थप. मग काहीच नाही. मग दचकल्यासारख्या दोन थापा. मग पुन्हा हळू, आधीपेक्षा जड. मग बराच वेळ काही नाही.

"काय वं हर्षू," प्रफुल्ल कुजबुजला. "दुरुस्त होते का?"

"दादा, थांब," ती म्हणाली. "ही दमली नाही. ही पेंगून राहिली."

तिचा चेहरा पांढरा पडला आणि लगेच लाल झाला. ती बाहेर अंगणात आली, चप्पल न घालता, तापलेल्या फरशीवर, आणि पाय भाजताहेत हेही तिला कळत नव्हतं.

"वहिनी, लेकराला झोपवता झोपवता तुम्हाला कधी झोप लागते का?"

करुणा हसायला लागली. "कधी? अहो, रोजच. मिहू तान्ही होती तेव्हा हे म्हणायचे ना, लेकराला झोपवायला गेली अन् आईच झोपली. सगळ्या घरांत हाच विनोद असतो."

"विनोद," हर्षदा म्हणाली. "आम्हीही विनोदच समजलो. हातमोज्यांच्या नोंदींत हेच होतं, जवळजवळ प्रत्येक घरात. हात मंद होतो, थाप चुकते, हात थांबतो, माणूस दचकून पुन्हा थोपटतो, मग हात जड होऊन पडून राहतो. आम्ही म्हटलं, ही डुलकी आहे, ही चूक आहे. आणि झाडून सगळ्या डुलक्या काढून टाकल्या. झोप त्या डुलक्यांतच होती वहिनी. मी ती केरात टाकली आणि वर्षभर शोधत बसली."

"काखेत कळसा," करुणा म्हणाली.

"आणि गावाला वळसा," हर्षदाने पुरं केलं, आणि मग ती तिथेच पायरीवर बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या संध्याकाळी भाकरी खाता खाता तिने जे समजावून सांगितलं, ते पुढे मोठमोठ्या सभांमध्ये तिने सांगितलं, पण इतकं सोपं करून पुन्हा कधी सांगितलं नसेल. माणूस हजारो पिढ्या उघड्यावर कळपाने झोपला. कळपात कोणीतरी जागं असायचं. जागा माणूस असणं चांगलंच, पण जागा माणूस कशाला असतो? धोका असतो म्हणून. लेकराच्या मेंदूला शब्द कळायच्या आधीपासून ही भाषा कळते. पाठीवरचा हात ताठ आहे, लय नेमकी आहे, म्हणजे मोठं माणूस पहाऱ्यावर आहे, म्हणजे बाहेर काहीतरी आहे. तोच हात जड झाला, चुकला, सैल पडला, की लेकराला कळतं, या माणसालाही भीती वाटत नाही. मग ते आत जातं.

"गल्लीत रात्रभर कोणी जागते रहो ओरडत फिरला तर तुला झोप येईल का दादा?" ती म्हणाली. "आमची गादी तेच ओरडत होती. न दमणारा हात म्हणे. न दमणाऱ्या हाताखाली कोण झोपेल?"

मे महिना सरत आला तेव्हा नवी गादी तयार झाली. ती पेंगत होती. हर्षदाने केरात टाकलेल्या डुलक्या एकेक करून परत आणल्या होत्या, पण त्यात आणखी एक अक्कल लढवली होती. गादी बाहेरून पेंगते, आतून टक्क जागी असते. श्वास अडला, ताप चढला, अंगाला झटका आला, तर ती त्या क्षणी थोपटणं सोडून मोठ्या माणसाच्या बाजूला धक्के देते आणि घंटा वाजवते. पहारा तिने सोडला नव्हता, फक्त लेकरापासून लपवला होता. या एका विचारासाठी तिचं जितकं कौतुक झालं, तितकं कमीच म्हणायला हवं. सहा महिन्यांनी दूरदूरच्या देशांतून लोक तिला बोलवायला लागले, तिथेही ती चष्मा डोक्यावर ठेवून शोधतच गेली म्हणतात.

पाळणाघरात दुपारी आता फक्त कूलरचा आवाज असायचा. मिहूसुद्धा झोपायची, आणि झोपेत गालातल्या गालात हसायची. करुणा ते बघायला उगीच दोनदा आत जायची.

रात्री मात्र तेच. तीच गादी, तेच जायफळ, तीच गोष्ट, आणि पोरगी टकाटका जागी. पावसाळा तोंडावर आला, पासच्या खिडकीवर बसून प्रफुल्ल बाहेर जाणाऱ्या बसगाड्यांकडे बघायचा आणि त्याचा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी एके संध्याकाळी हर्षदा मुद्दाम मुक्कामाला आली. तिने मिहूला झोपवायच्या वेळी खोलीच्या दाराशी बसून पाहिलं. दिवा मंद होता. गादी पेंगत होती. आणि उशाशी, भिंतीला पाठ लावून, तिचा भाऊ ताठ बसला होता.

मिहूला करुणाच्या मांडीवर देऊन ती प्रफुल्लला गच्चीवर घेऊन गेली.

"एक बोलू का? रागवू नको."

"बोल ना."

"गादी तिला सांगते की सगळं ठीक आहे, झोप. तू शेजारी बसून सांगतोस की काहीतरी होणार आहे. ती गादीचं ऐकेल की बापाचं? दादा, तिची झोप तूच धरून बसलायस."

प्रफुल्लचा आवाज फाटला. "एकदा झोपलो होतो मी. तू नव्हती तेव्हा. तिचे डोळे फिरले होते, तोंडाला फेस होता, अन् मी घोरत होतो. हातभर अंतरावर हर्षू. तू मला पुन्हा झोप म्हणतेस? मशीनवर टाकू पोरीचा जीव?"

"तू रोज बसभर लोकांचा जीव मशीनवर टाकत नव्हता का? तुझ्या डोळ्यांत झोप आहे हे बसला कळलं की नाही? करुणावहिनीच्या आधी कळलं."

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी नाही. त्या रात्री तुझी चूक नव्हती दादा. झोपलेल्या माणसाला दिसत नाही, एवढंच. झोपेतही जिला दिसतं अशी गोष्ट तेव्हा नव्हती. म्हणून तर मी ती बनवली. तुला काय वाटलं, मी लेकरांच्या झोपेच्या मागे काहून लागली? तुझ्या त्या रात्रीनंतर लागली."

हे त्याला माहीत नव्हतं. भाऊ-बहीण कठड्याला टेकून उभे राहिले. खालून मिहूचा आवाज येत होता, ती आईला गोष्टीतली चूक दाखवून देत होती.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने झोपायचं ठरवलं. ठरवून झोप आली असती तर काय पाहिजे होतं. तो मिहूच्या शेजारी आडवा झाला, डोळे मिटले, श्वास लांब केला, थोडं घोरूनही दाखवलं. झोपलेल्याला जागं करता येतं पण झोपेचं सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असं आपण म्हणतो. पण जिच्यासाठी सोंग घ्यायचं ती पाच वर्षांची असेल, तर सोंग टिकत नाही.

"बाबा, तुम्ही खोटं खोटं झोपले."

"नाही रे राजा."

"झोपलेला माणूस नाही बोलत." मिहूने कोपरावर उठून त्याच्या चेहऱ्याची तपासणी केली. "आणि तुमचे पाय बघा. खऱ्या झोपेत पाय बाजूला पडतात. तुमचे उभे आहेत."

त्याने पायांकडे पाहिलं. खरंच होतं. अंथरुणातही तो उठून पळायच्या तयारीत होता. त्याने पाय सैल सोडले. मग खांदे सोडले. मान सोडायला सगळ्यात जड गेली.

"तुम्हाला झोप येत नाही का?" मिहूने विचारलं.

"भीती वाटते," तो म्हणाला. लेकरासमोर हे त्याने आजवर कधी कबूल केलं नव्हतं.

"कशाची?"

"मी झोपलो अन् तुला काही झालं तर?"

मिहूने विचार केला. "गादी आहे ना जागी. आत्याने सांगितलं मला, ती सोंग करते, पण ती जागी असते. ती आपल्याला उठवते." आणि मग, पाळणाघरात लहान लेकरांना झोपवण्याचा खेळ ती खेळायची तसा, तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि थोपटायला लागली.

छोटा हात होता, तुपाने किंचित चिकट. थाप नीट पडत नव्हती. एक इथे, एक तिथे. मग जरा लांबली. मग एक चुकली. प्रफुल्लला वाटलं, आता हिला पेंग येते आहे, आता मी जागं राहायला पाहिजे. आणखी एक थाप पडली, जड, हात तिथेच राहिला. इतकी वर्षं तो पहाऱ्यावर होता, आणि आज त्याच्या छातीवर कोणीतरी न घाबरता पडलं होतं. पुढची थाप त्याने मोजलीच नाही.

सकाळी डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि करुणा दाराशी उभी होती, हातात चहाचा कप, पण चहा द्यायचं विसरलेली.

"कोण आधी झोपलं?" तिने विचारलं.

"मिहू," प्रफुल्ल म्हणाला.

"नाही, बाबा आधी," मिहू उशीतून म्हणाली. "तुमचा हात जड झाला माझ्यावर. मग मला झोप आली." गादीला खरं काय ते माहीत होतं, आणि हर्षदाने फोनवर सांगायची तयारीही दाखवली. पण बापलेकीने ठरवलं की हे भांडण असंच राहू द्यायचं.

जून मध्यावर आला आणि प्रफुल्ल पुन्हा बडनेऱ्याच्या बसवर चढला. त्याने बटण दाबलं. कॅमेऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, तोही कॅमेऱ्याकडे पाहात राहिला, आणि गाडी एक शब्द न बोलता सुरू झाली. तेच आजोबा मागच्या सीटवर होते. "झाली का बाप्पा झोप?" त्यांनी विचारलं. "झाली आजोबा," तो म्हणाला, आणि गिअर टाकला.

आता हे इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण जुलैत एका पहाटे गादीने प्रफुल्लच्या बाजूला धक्का दिला, आणि घंटा वाजली. तो उठून बसला. मिहूच्या कपाळावर हात ठेवला, ते तापलं होतं. करुणाही आली. काय करायचं ते त्याच्या हातांना ठाऊक होतं. औषध दिलं, अंगावरचं पांघरूण काढलं, ओल्या फडक्याने हातपाय पुसले, डॉक्टरांना फोन करून ठेवला. ताप तिथेच थांबला, आणि थोड्या वेळाने उतरायला लागला. आकडी आली नाही. मिहूने अर्धवट डोळे उघडून विचारलं, "बाबा, तुम्ही जागे आहे?"

"जागा होतो," तो म्हणाला. "आता झोपतो मी. तू पण झोप."

तो तिच्याजवळ आडवा झाला आणि थोपटायला लागला. गादीनेही थोपटणं पुन्हा धरलं, आणि दोघांची लय आपोआप जुळत गेली. त्याची एक थाप चुकली. मग दुसरी. बाहेर उजाडत होतं.

करुणा डोकावून गेली ते त्याला अर्धवट कळलं. तिने फोनवर हर्षदाला सांगितलेलंही कळलं, हळू आवाजात, पण हसू लपत नव्हतं: "काही नाही हर्षूताई, सगळं ठीक आहे. लेकराला झोपवायला गेला अन् बापच झोपला."

त्याने ऐकलं. डोळे उघडले नाहीत. झोपेचं सोंग घेऊन तो तसाच पडून राहिला, आणि सोंग घेता घेता त्याला खरंच झोप लागली.